एका काडीची शेकोटी

आमच्या घरमालकांच्या सदऱ्याच्या खिशातून मोबाइल कधी निघाला नाही. निघायच्या त्या वाळक्या काड्या, भुईमुगाची टरफलं, नारळाच्या शेंडीचा गुंता, आणि एकदा तर सुगरणीचा अख्खा पडका खोपा. मोबाइल घरात गव्हाच्या कोठीवर पडलेला असायचा आणि वाजत राहायचा. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपडे भिजवायच्या आधी सदरा उलटा करून झटकायच्या आणि जे पडेल ते गोळा करून खिडकीत ठेवायच्या. चुकून केरात गेलं, तर मालक दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत आणि जेवताना भाजीकडे बघून उसासे टाकायचे.

गाव त्यांना बप्पा म्हणायचं, म्हणून मीही बप्पा म्हणायला लागले. बीडकडच्या नेकनूरच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून माझी पहिली नेमणूक झाली होती आणि बप्पांच्या घराला लागून असलेली एक खोली मला भाड्याने मिळाली होती. मी सांगलीकडची. पांढरा कोट घालणारी कुठलीही बाई म्हणजे सिस्टर, अशी बप्पांची समजूत. मी नर्स नाही, रक्त तपासते, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय, सिस्टर."

बप्पांनी सगळी नोकरी बसच्या आगारात मेकॅनिक म्हणून केली. आयुष्यभर इंजिनाखाली उताणं पडून काढलेलं. "तुमाला फुलाचा वास येतो तो फुलाचा येतो," ते सांगायचे, "मला आदी डिझेलचा येतो, मंग फुलाचा." त्यामुळेच असेल, पण निवृत्त झाल्यावर या माणसाने एकच ध्यास घेतला. विस्तव स्वच्छ पाहिजे. रॉकेल नको, डिझेल नको, टायरचा तुकडा नको, दुधाची पिशवी नको. झाडाचं जे झाडापाशी वाळलं, त्यानेच आग पेटली पाहिजे. कागदसुद्धा चालायचा नाही.

"कागदाने काय बिघडतं?" मी एकदा विचारलं.

"कागदाला शाई आसती. शाईचा वास भाकरीला लागतो."

"पण शेकोटीवर भाकरी कुठे भाजता तुम्ही?"

"न्हाई भाजत. पन कुनाला भाजू वाटली तर?"

बप्पांशी वाद घालताना माणूस बहुतेकदा गप्पच बसायचा, आणि आपण जिंकलो असं समजून ते आणखी एक काडी सोलायला घ्यायचे.

काडी सोलणं हा त्यांचा हिवाळ्यातला मुख्य उद्योग. वाळलेली बोटभर जाडीची काडी घ्यायची, आणि धारदार चाकूने तिचे पातळ पापुद्रे काढत जायचं, पण तोडायचे मात्र नाहीत. पापुद्रे काडीला तसेच चिकटून वळायचे आणि काडी थंडीत अंग फुगवलेल्या कोंबडीसारखी दिसायची. बप्पा तिला कोंबडंच म्हणायचे. संध्याकाळी ओट्यावर बसून उद्यासाठी दोन कोंबडी तयार करून ठेवायची, ती सुपाखाली झाकायची, आणि मगच जेवायला उठायचं. काकू आतून हाक मारून मारून दमायच्या. "कोंबडी डालली का न्हाई आजून?" असं त्या विचारायच्या, तेव्हा रस्त्याने जाणारा नवखा माणूस थबकून ओट्याकडे बघायचा.

सकाळी उजाडता उजाडता शेकोटी. त्यासाठी आगपेटीतली एकच काडी. एका काडीत पेटली तर पेटली, नाही पेटली तर त्या दिवशी शेकोटी नाही. दुसरी काडी ओढली की माणूस आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं. तळाला शेंडीचा गुंता, त्यावर कोंबडं, भोवतीनं तुरीच्या वाळक्या तुराट्या उभ्या टेकवलेल्या, मग कपाशीच्या पऱ्हाट्या, आणि बाभळीचं लाकूड अगदी शेवटी. "लेकरू हाय ते," आगीकडे बोट दाखवून ते सांगायचे. "आदी दूध, मंग भात, मंग भाकर. तुमी एकदम भाकर कोंबता आन म्हणता रडतंय कावून."

आता त्या अंगणाबद्दल सांगायला हवं. समोरासमोर दोन स्लॅबची घरं. उगवतीकडचं बप्पांचं, मावळतीकडचं त्यांच्या धाकट्या भावाचं. मधे सामाईक अंगण, एका कडेला हापसा. शेकोटी बरोबर मधोमध. तिच्याभोवती बसायला विटा, एक मोडका पाट, तेलाचा रिकामा डबा. आणि उगवतीच्या बाजूला एक छान गुळगुळीत दगड, जुन्या जात्याची खालची तळी. हिवाळ्यात तिकडे पहाटवारा उगवतीकडूनच येतो, त्यामुळे त्या दगडावर बसणाऱ्याच्या पाठीला वारा आणि तोंडासमोर ऊब, धूर मात्र कधीच नाही. सगळ्यात सुखाची जागा.

पहिल्याच दिवशी मी तिथे जाऊन बसले.

"सिस्टर, तितं न्हाई," बप्पा म्हणाले. "ह्या अंगाला या."

"इकडे धूर येईल ना?"

"माज्या शेकोटीला धूर नसतो."

मी उठून समोरच्या विटेवर बसले. धूर आला. थोडासाच आला, पण आला. मी डोळे चोळत बप्पांकडे पाहिलं.

"तो धूर न्हाई," ते म्हणाले. "वाफ हाय."

त्या दगडावर कुणीच बसायचं नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं. शेजारचे येत, दूध घालणारा घटकाभर टेके, बाजाराच्या दिवशी बैल घेऊन निघालेली माणसं हात शेकून जात. जागा नसली तर उभी राहत. दगड मोकळाच. मला वाटलं, देवाबिवाचा असेल. पण त्याला कधी कुंकू लागलेलं दिसलं नाही. शेवटी न राहवून मी काकूंना विचारलं. काकू पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी आधी समोरच्या घराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"धाकल्याची जागा हाय ती."

गोष्ट अशी होती. मी नेकनूरला येण्याच्या बऱ्याच आधी, एका हिवाळ्यात धाकट्यांच्या मुलीला बघायला उमापूरचे पाहुणे आले होते. ज्वारी हुरड्यात आलेली, म्हणून पाहुण्यांना शेतातच नेलं. हुरडा भाजायचा तर जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, त्या निखाऱ्यांत कणसं भाजायची. ती आगटी. आगटीची जबाबदारी अर्थातच बप्पांकडे. पण ते आपली पिशवी घेऊन काड्या जमवत बांधाबांधाने येत होते आणि इकडे पाहुण्यांना परतीची बस होती. गोवऱ्यांना रात्रीचं दव लागलेलं, पेटता पेटेनात. धाकटे कावरेबावरे झाले. त्यांनी विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनातलं डिझेल डबड्यात काढलं आणि आगटीत ओतलं. भडका उडाला, पाहुणे खूश झाले, कणसं निखाऱ्यांत पडली.

तेवढ्यात बप्पा पोचले. लांबूनच त्यांचं नाक वर झालं.

"बोलले आस्ते तर भागलं आस्तं," काकू म्हणाल्या. "बोललेच न्हाईत. प्यायला भरलेली घागर उचलली आन सरळ आगटीत उपडी केली. समद्या सोयऱ्यांसमोर. आन मंग म्हणाले, डिझेलचा हुरडा जनावराला तरी घालतात का बे?"

पाहुणे हसले. हसत हसतच उठले. उमापुरात जाऊन त्यांनी ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली आणि लग्न काही जमलं नाही. मुलगी पुढे जालन्याला दिली, तिचं छान चाललंय, तिला त्या उमापूरच्या मुलाचं नावही आठवत नसेल. पण धाकट्यांनी त्या दिवसापासून बप्पांशी बोलणं सोडलं. एखाद्याच्या चुलीत, आगटीत पाणी ओतणं हे तिकडे फार वाईट मानतात. त्याचं घर विझावं असं म्हटल्यासारखं होतं ते. "माज्या सोयऱ्यांपुडं माजा इस्तू इझवला," एवढं एकच वाक्य धाकटे बोलले आणि दार लावून घेतलं.

भांडण मात्र दोघांपुरतंच होतं. जावाजावांचं दळण, विरजण, कोथिंबीर अंगणातून सुखाने ये-जा करत होतं. अंगणात भिंत घालायची भाषाही कुणी काढली नाही. फक्त धाकटे अंगणात असले की बप्पांकडे पाठ करून असायचे, आणि घरात असले की खिडकीत. शेकोटी पेटली की खिडकीत त्यांचा मफलर दिसायचा आणि खोकला ऐकू यायचा. त्यांना दमा होता. थंडीत फार त्रास व्हायचा.

आणि इथेच बप्पांच्या वेडाची दुसरी बाजू मला कळली. वारा उगवतीचा, म्हणजे शेकोटीचा धूर जाणार तो थेट धाकट्यांच्या खिडकीत. म्हणून ओली काडी नको, साल नको, पाला नको. आगीने जरा धूर धरला की बप्पा सूप घेऊन उठायचे आणि वारा घालून धूर हापशाकडे वळवायचे, जणू अंगणात शिरलेली शेळी हाकलताहेत. काकू म्हणायच्या, येवढी काळजी आहे तर शेकोटी घरामागे का लावत नाही?

"मागं लावली तर तेला दिसंल कशी?" बप्पा म्हणायचे.

"मग हाक मारा की त्यांना," मी एकदा धीर करून म्हटलं.

"शेकोटीला आवतन देत नसतात, सिस्टर. ज्याला थंडी वाजती तो येतो."

"पण चूक तुमची होती, असं काकू म्हणतात."

बप्पांनी हातातली काडी फिरवून बघितली. "बोलणं चुकलं आसंल," ते म्हणाले. "नाक चुकलं न्हाई."

एवढं एक कबूल केलं असतं, समोरच्या दारात जाऊन एकदा "चुकलो" म्हटलं असतं, तर सगळं मिटलं असतं. ते त्यांना जमणारं नव्हतं. त्याऐवजी ते रोज पहाटे उठून सगळ्या गावात नसेल अशी शेकोटी पेटवत होते आणि सगळ्यात चांगली जागा मोकळी ठेवून समोरच्या खिडकीकडे न बघता बसत होते. मला कधी कधी त्यांचा राग यायचा. इतकी काळजी, आणि दोन पावलं टाकता येत नाहीत!

नाकाबद्दलचा त्यांचा अभिमान मात्र खरा होता. गल्लीत कुणी चुलीत काय घातलं हे ते ओट्यावरून सांगायचे. "पोस्टाच्या मागं कुनीतरी चप्पल जाळायलंय," म्हणायचे आणि खरोखर तसंच निघायचं. दुसऱ्याने पेटवलेल्या आगीला बरं म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. कुणाची गोवरी कोंदट, कुणाचं लाकूड उलटं, कुणी घाई केलेली. लग्नाच्या पंगतीची चूल असो, वीटभट्टी असो, बप्पा जवळून गेले की नाक जरा वर व्हायचं आणि मान नाही म्हणून हलायची. माणसं ती मान बघून चिडायची आणि चूल नीट करायची.

काकू सांगायच्या, त्यांच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा असंच झालं. भटजी होम पेटवत होते, धूर फार होत होता, नवरीचे डोळे वाहत होते. नवरदेवाने नवरीकडे बघायच्या आधी होमातल्या समिधा नीट रचल्या. "मी म्हणलं, बरं हाय, मानूस कामाचा दिसतो," काकू म्हणायच्या. "तवा कुठं मालूम होतं मला."

होळीची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिलेली. पोरांनी चौकात होळी रचली आणि आत एक ट्रॅक्टरचं टायर ठेवलं, म्हणजे जाळ मोठा दिसेल. बप्पा गेले, टायर ओढून बाहेर काढलं आणि त्यावरच मांडी घालून बसले. पोरं आधी हसली, मग विनवण्या करायला लागली, मग चिडली.

"बप्पा, उठा बे आता!"

"कुनाला बे म्हणतो बे? टायर घरी नेतो म्हणल्याबिगर उठत न्हाई."

शेवटी त्या पोरांना टायर गडगडवत परत न्यावं लागलं. तोवर बप्पांनी होळी उलगडून पुन्हा रचली होती. जाळ असा सरळ वर गेला की पोरांनीच टाळ्या वाजवल्या. त्या गर्दीत कुठे मफलर दिसतो का, हे बप्पांनी एकदा बघून घेतलं.

एका श्रावणात आम्ही सगळे कपिलधारला गेलो. धबधबा भरून वाहत होता, काकूंनी देवळात मनोभावे हात जोडले. बप्पा दर्शन घेऊन गायब. आम्ही बसपाशी वाट बघतोय, तर हे डोंगराच्या अंगाने पिशवी भरून आले. काकूंनी डोक्याला हात लावला. "आवो, समदं भिजलेलं हाय हे, पावसाळा हाय." "वाळंल की," बप्पा म्हणाले. "थंडीला आजून येळ हाय." घरी येईपर्यंत त्या पिशवीतून सगळ्या बसमध्ये पाणी ठिबकत होतं आणि बप्पा खिडकीतून बाहेर बघत होते.

त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ मला भेटायला आला. तो ट्रेकबिक करणारा. त्याने बप्पांसाठी एक खोका आणला, शेकोटी पेटवायच्या तयार गुंडाळ्यांचा. लाकडाच्या बारीक केसांसारख्या छिलक्यांना पीळ देऊन मेणात बुडवलेल्या. खोक्यावर झाडाचं चित्र, संपूर्ण नैसर्गिक असं छापलेलं. बप्पांनी एक गुंडाळी उलगडली, हुंगली, पुन्हा वळायचा प्रयत्न केला, पुन्हा हुंगली. आता नाक वर होणार म्हणून आम्ही वाट बघत होतो.

"सुताराच्या रंध्याखालचं हाय हे," ते म्हणाले. "हे इकतात?"

"हो बप्पा. ऑनलाइन मिळतं."

"आन घेनाऱ्याच्या गावात सुतार नसतो?"

पण बप्पा मनातून खूश झाले होते. जगात आणखी कुणीतरी आपल्यासारखा विचार करतो, याचा त्यांना आधार वाटला असावा. त्यांनी तो खोका जाळला नाही. आगारातून निरोपाच्या वेळी मिळालेल्या घड्याळाशेजारी शोकेसमध्ये ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवत राहिले.

माझ्या तिथल्या शेवटच्या हिवाळ्यात बप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. ऑपरेशन चांगलं झालं, पण बीडच्या डॉक्टरांनी बजावलं, की महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुराजवळ तर मुळीच जायचं नाही. ऐन थंडीत! काकूंनी चाकू कपाटात घातला आणि किल्ली कमरेला लावली. बप्पा काळा चष्मा लावून ओट्यावर खुर्चीत बसले. पहिली सकाळ कशीबशी गेली. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"सिस्टर, तुमी लावा."

"मला नाही येत, बप्पा."

"मी सांगतो की हितून. रगात तपासता तुमी, काडी लावायला काय हुतंय?"

शेकोटीवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. ओट्यावर स्वेटर होता, कानटोपी होती, काकूंचा चहा होता. पण अंगणात शेकोटी नसली, तर तो मोकळा दगड नुसताच दगड होता. समोरच्या माणसाला यायला जागाच उरत नव्हती. हे मला समजत होतं, म्हणून मी हो म्हटलं.

मग सुरू झाला माझा छळ. ओट्यावरून हुकूम यायचे. "गुंता सैल करा. सैल! केस इंचरल्यावानी. तुराट्या झोपवू नका, उब्या करा. आता काडी. वाऱ्याकडं पाठ करा, सिस्टर, वाऱ्याकडं!" मी काडी ओढायची आणि ती विझायची. एकच काडी, त्यामुळे कारभार आटोपला. ऑपरेशनआधी सोलून ठेवलेली कोंबडी संपत आली, नवी कोण सोलणार? बप्पांची मान हलायची, पण ते मला काही बोलायचे नाहीत, फक्त "उद्या बगू" म्हणायचे. समोरच्या खिडकीत मफलर असायचा. मला दोन्हीकडून लाज वाटायची.

आणि मग एका सकाळी माझी शेकोटी पेटली. मी इतकी हरखले, की हाताला येईल ते वर रचत सुटले. त्यात एक बाभळीचं ओलं खोड होतं. जाळ दबला आणि धुराचा असा लोट उठला की मला समोरचं घर दिसेना. वारा उगवतीचा. लोट सरळ खिडकीत शिरला आणि आतून खोकल्याची उबळ सुरू झाली. थांबेना.

बप्पा खुर्चीतून ताडकन उठले. काळ्या चष्म्यातून त्यांना किती दिसत होतं देव जाणे.

"इझवा! सिस्टर, इझवा ते! तेच्या खिडकीत चाललाय!"

मी सूप शोधायला लागले.

"सूप ऱ्हाऊ द्या! पानी वता! पानी! तेला दम लागंल, पानी वता म्हणतो ना!"

काकूंनी हापशाखालची बादली उचलली आणि शेकोटीत उपडी केली. चर्र आवाज झाला, वाफ उठली, राख अंगणभर झाली. खोकला हळूहळू उतरला. बप्पा खांबाला धरून उभे होते, मान समोरच्या घराकडे, कान लावून. आतून काहीच आवाज आला नाही. मग खिडकी लागली. बप्पा आत गेले आणि त्या दिवशी काही जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेकोटी लावायची माझी हिंमत नव्हती. मी पाणी भरायला म्हणून दार उघडलं, तर अंगणात कुणीतरी उकिडवं बसलेलं. डोक्याला मफलर. धाकटे. त्यांनी कालची ओली राख बाजूला ओढली होती आणि कोरड्या जागेत तुराट्या उभ्या करत होते. मांडणी बघून मी जागच्या जागी थांबले. शेंडीचा गुंता सैल, काड्या उभ्या, वाऱ्याकडे पाठ. खिडकीतून इतके हिवाळे बघून बघून सगळं पाठ झालेलं. काडी मात्र ओढवत नव्हती. एकच काडी, हेही त्यांना माहीत असणार, आणि न पेटली तर बप्पांसमोर काय तोंड दाखवायचं?

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग खिशातून एक चिंधी काढली आणि गुंत्याखाली सरकवली. मी दारातच होते, तरी वास आला. डिझेल.

तेव्हा त्यांनी मला पाहिलं. एकदम चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"तुमी काई बोलू नका बरं, सिस्टर," ते हळूच म्हणाले.

काडी ओढली. शेकोटी भप्पकन पेटली, एका काडीत.

मागे ओट्यावर खुर्ची वाजली. बप्पा बाहेर आले होते, काकू त्यांच्या मागे. काळा चष्मा शेकोटीकडे वळला आणि मग, आम्हाला ठाऊक होतं तसंच, नाक वर झालं. काकूंनाही तोवर वास आला असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे मोठे झाले होते. हापशापाशी पाण्याने भरलेली बादली होती. मी नकळत तिच्या आडवी जाऊन उभी राहिले.

धाकटे उठले. त्यांनी मफलर नीट केला, खाकरले आणि ओट्याकडे बघून म्हणाले, "दादा, तितं थंडीत कावून बसतोस? ये हिकडं. ह्या दगडावर बस."

बप्पा जागचे हलले नाहीत. "ती जागा तुजी हाय," ते म्हणाले.

"मालूम हाय. तू बस. तुज्या डोळ्याला धूर चालत न्हाई."

काकू हात धरायला पुढे झाल्या, पण बप्पांनी त्यांचा हात बाजूला केला. पायरीवरून अंदाजाने उतरले आणि सरळ दगडाकडे चालत आले. वाऱ्याकडे पाठ करून बसले. धाकटे शेजारी विटेवर बसले. चिंधी अजून जळत होती आणि तिचा काळपट धूर समोरून मावळतीकडे चालला होता. मलासुद्धा आता दुसरा कुठला वास येत नव्हता.

धाकट्यांनी एक तुराटी उगीचच इकडची तिकडे केली.

"कसा पेटलाय?" त्यांनी विचारलं.

बप्पांनी एक मोठा श्वास आत घेतला, अगदी पोटापर्यंत. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मान हलली नाही. त्यांनी दोन्ही हात जाळावर धरले.

"चांगला पेटलाय," बप्पा म्हणाले.